एकोणिसावा दिवस

कुयल्यूक बाजाराच्या तोंडाशी, चहावाल्याच्या माडीवर
माझं तिकिटांचं टेबल.
दिवसभर मी आकडे सांगते.
इस्तंबूल पाच तास. सोल सात.
गिऱ्हाइकं आकड्याशीही घासाघीस करतात,
जणू विमानात तास मीच भरते, मापट्यानं.

दर ऑक्टोबरात यायचे वालेरियन तिमोफेयविच खेगाय,
तिखट गाजराचा ठेला शेजारणीवर टाकून,
बोटांना लसणीचा वास.
“मुनिसा, व्लादिवोस्तोक किती?”
“हवेतून पाच हजार किलोमीटर. साडेसहा तास.”
“आणि घड्याळ?”
“पाच तास पुढे.”
“हं,” म्हणायचे, मी वजनात मारल्यासारखं,
आणि जिना उतरायचे.
तिकीट नाही.

सात वर्षं हेच.
आठव्या वर्षी पासपोर्ट टेबलावर आपटला,
जन्मस्थळावर नख ठेवलं.
“हे गाव कुण्या कारकुनानं लिहिलंय. मी आगगाडीतला.
सदतीस साली आम्हा कोरियनांना समुद्राकाठून उचललं,
मालडब्यांत भरलं, इथं आणून ओतलं.
आमची गाडी एकतीस दिवस चालली.
आईला रशियन अक्षर येत नव्हतं, आणि दार बाहेरून बंद.
स्टेशनं गेली तशी गेली.
दिवस मात्र तिनं फळीवर नखानं ओढले.
मी एकोणिसाव्या रेघेचा.”

मग खाली बाजारात कुणी टरबूज फोडलं, तो आवाज.

“डब्यात तान्ही तीन होती. उतरलो मी एकटा.
दूध आटलं होतं तिचं. भात चावून माझ्या तोंडात द्यायची.
तिनं अंतर दिलं नाही मला.
आता तू सांग, ते विमान
एकोणिसाव्या दिवसावरून जातं का?”

असला प्रश्न संगणकाला विचारता येत नाही.
मी पावतीच्या पाठीवर मांडला.
एकतिसातून एकोणीस गेले, उरले बारा.
साडेसहा तासांचे एकतीस वाटे, त्यातले बारा.
“अडीच तास,” मी म्हटलं. “उड्डाणापासून अडीच तासांनी.”
त्यांनी पावती घडी करून टोपीत ठेवली.

हिशेब खोटा होता.
गाडी कुठं दोन दिवस उभी राहिली, कुठं रात्रीत धावली,
कुणी लिहून ठेवलंय?
शिवाय रूळ बैकालला वळसा घालून वरून येतात
आणि विमान नाकासमोर, पार खालून, वाळवंटावरून.
शेकडो किलोमीटर चुकतं ते.
मी बोलले नाही.
चौदा-अ दिली फक्त. डावी खिडकी, उत्तरेची.

अकरा दिवसांनी परत आले.
टेबलावर वाळलेल्या समुद्री शेवाळाची जुडी ठेवली, खारट वासाची.
मी विचारलं नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“दोन तास अठ्ठावीस मिनिटांपासून कपाळ काचेला लावून बसलो.
खाली ढग. पेजेसारखे, कडेपर्यंत.
बरोबर अडीचला ती पोरगी गाडा घेऊन आली,
टोमॅटोचा रस की सफरचंदाचा, म्हणाली.
मी म्हटलं, दोन्ही.
एक मी प्यालो.
दुसरा समोरच्या फळीवर ठेवला,
उतरेपर्यंत.
तिनं दोनदा विचारलं, उचलू का?”

खिडकीतून ते बराच वेळ ठेल्याकडे बघत राहिले.
“माहीत होतं मला, तो रस्ता नव्हे.
शाळेत भूगोल शिकवलाय मी, बावीस वर्षं.”

मग जायला उठले. जिन्यावरून मागं वळून,
“पाच तास काढून घेतात जाताना, ते येताना मिळाले परत.
चोख आहेत लोक.”

या ऑक्टोबरात अजून आलेले नाहीत.
शेवाळ मी डब्यात घालून ठेवलंय.
काल एकानं विचारलं, व्लादिवोस्तोक किती?
तोंडातून निघालं, एकतीस दिवस.
तो हसला.
मग मी सांगितले साडेसहा तास.